रजेवरचा अंधार

तंबू मेहुण्याचा. त्याने घेतला, वापरला नाही;
पिशवीवर अजून दुकानाची चिठ्ठी.
खुंट्या सहा असायला हव्यात, निघाल्या पाच.
सहावीच्या जागी मी पेचकस ठोकला,
टेस्टरवाला, पिवळ्या मुठीचा,
आणि रेवती म्हणाली, "हे पण आणलंच का बरोबर?"

नागपूरहून निघून दोनच तास झाले होते,
पण जंगलाच्या गेटाजवळच्या त्या मैदानात
अर्धं नागपूर आधीच उतरलेलं.
जरीपटक्याचे तीन तंबू एकाच दोरीला,
हुडकेश्वरची मंडळी कुकरसकट.
एकाची दोरी ओलांडल्याशिवाय
दुसऱ्याच्या दारात जाता येईना.
जो तो अडखळायचा, "सॉरी भाऊ" म्हणायचा,
आणि दिवस मावळेतो सगळ्यांची ओळख झाली
पायांच्या बोटांमार्फत.

वाघ कुणालाच दिसला नव्हता.
सकाळच्या जिप्सीवाल्यांना ठसे दिसले,
दुपारच्यांना ठशांवर उठलेले जिप्सीचे टायर.

कॅन्टीनच्या एका बोर्डावर चौदा फोन,
वायरींचा असा गुंता
की मला बघवेना.
पाठ करून जेवलो.

साडेआठला जनरेटर खोकला,
दोनदा,
आणि बसला.

मैदानभर एकच "ओऽऽ".
मग टॉर्च, मग शिव्या, कुणाचं तरी वरण सांडलं.
माझा हात खिशातल्या फोनकडे गेला.
एकोणीस वर्षं तो असाच जातोय:
पंगतीतून, नवतपाच्या दुपारी,
आर्वी झाली त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यावरून.
पाचपावलीत कुठेही अंधार झाला
की तो माझ्या नावावर लागतो.

नेटवर्क नव्हतं.

"कोणी लाईटीचं काम जाणते काय इथं?"
सुकदेव. कॅन्टीनचा पोरगा,
परवाच कामावर लागलेला.
आर्वीने तोंड उघडलं, "माझे बा—"
रेवतीने त्यात पोळीचा घास कोंबला.

मी गप्प.
कापडापलीकडे एक बाई सांगत होती,
"काऊन भितं रे, मी आहो न."
हळूहळू डोळे सरावले.
वर जे काही पेटलं होतं
त्याला सप्लाय कुठून, कळेना.
तन्मय मोजायला लागला,
एकशे बाराला झोपला.

दोन वाजता मात्र उठलो.
लघवीला, असं स्वतःला सांगितलं.
शेडमध्ये सुकदेव मशीनशेजारीच
गोणपाटावर मुटकुळं करून.
वास घेतला: जळलेलं काही नाही.
टाकीत डिझेल होतं.
कॉक तेवढा फिरलेला,
कुणाचा तरी पाय लागून.
मिनिटभराचं काम.

बाहेर ऐंशी-नव्वद माणसं झोपली होती,
एकाचं घोरणं दुसऱ्याच्या घोरण्याला टेकून.
लांब एक चितळ ओरडलं.
तक्रार कुणाचीच नव्हती.

कॉक सरळ केला.
सुरू नाही केलं.
येताना जरीपटक्याच्या दोरीला अडखळलो,
"सॉरी भाऊ" म्हणालो, झोपेत कुणीतरी "चालते" म्हणालं.

सकाळी सुकदेवने हँडल मारलं
आणि पहिल्याच झटक्यात धडधड.
संडासाच्या रांगेतून टाळ्या.
माझ्यापुढचे, हातात मग घेतलेले, म्हणाले,
"पोरगं हुशार आहे. नाहीतर आमच्याकडचे ते लाईनवाले!"
मी म्हटलं, "हो ना."
"तुम्ही काय करता?"
"मी पाचपावलीला असतो."

मनसरपाशी नेटवर्क आलं.
एकामागोमाग अकरा मिस्ड कॉल.
मी गाडी बाजूला घेतली, फोन हातात धरला.
रेवती खिडकीबाहेर बघत होती.
तिच्या मांडीवर पेचकस,
मुठीपर्यंत मातीने माखलेला.
पुसला नव्हता तिने.